न्यायाच्या नजरेनं बायबल वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासगटांत, उपासनेनंतरच्या गप्पांत आणि चर्चची पायरीही न चढणाऱ्या मित्रमंडळींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. उतारा स्वतः उघडून पाहता यावा म्हणून अध्याय आणि वचन कंसात दिलं आहे.

न्यायाच्या नजरेनं वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उतारा वाचताना काही साधे, जमिनीवरचे प्रश्न विचारायचे. इथे जमीन कोणाची आहे? राबतंय कोण? कर्ज कोणाच्या डोक्यावर आहे आणि सावकार कोण? ज्याच्याबद्दल सगळे बोलताहेत, त्याला स्वतःला तोंड उघडायला मिळतं का? निकाल कोणाच्या बाजूनं लागतो?

आपल्यापैकी बहुतेकांना शेत, मजुरी, तराजू, गहाणवट या गोष्टी नुसतं नेपथ्य वाटतात. ते ओलांडून आपण झटकन ‘आध्यात्मिक अर्था’कडे धावतो. पण बायबलच्या लेखकांनी हे तपशील उगाच भरलेले नाहीत. जात्याची तळी गहाण घेऊ नका, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे, असं नियमशास्त्र सांगतं (अनुवाद २४:६). हे लिहिणाऱ्याला दळण थांबलं की घरात काय होतं, ते पक्कं ठाऊक होतं. तो तपशील गाळला तर वचनाचा अर्थही हातातून निसटतो.

हे राजकारण नाही का? बायबलमध्ये बाहेरून घुसवलेलं?

फारोच्या वीटभट्ट्यांवर गुलाम राबताहेत, त्यांचा पेंढा बंद केला आहे आणि विटांचा आकडा मात्र तितकाच ठेवला आहे (निर्गम ५). बाहेरून काही आणायची गरजच कुठे पडते? देव स्वतःची ओळख करून देतो तीही ‘तुला दास्यगृहातून बाहेर काढणारा’ अशी, आणि दहा आज्ञा त्यानंतर सुरू होतात (निर्गम २०:२).

उलट प्रश्न विचारायला हवा. इतकं सगळं लिहिलेलं असताना ते न दिसण्याची सवय आपल्याला कशी लागली? उत्तर अवघड नाही. शतकानुशतकं बायबलचं विवेचन बहुतांशी अशा लोकांनी केलं, ज्यांची मजुरी कधी कोणी बुडवली नव्हती.

नियमशास्त्रात गरिबांसाठी ठोस असं काही आहे, की नुसता दयेचा उपदेश?

ठोस आहे, आणि बारकाव्यांसह आहे. शेताच्या कडा पूर्ण कापायच्या नाहीत, पडलेली कणसं वेचायची नाहीत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायची (लेवीय १९:९-१०). रूथ बवाजाच्या शेतात शिरते ती याच नियमाच्या आधारावर. ती भीक मागत नाही. घाम गाळून आपल्या वाट्याचं गोळा करते. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो (अनुवाद २४:१५). दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचं (अनुवाद १५). पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत करायची, कारण ‘जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात’ असं देवाचं म्हणणं आहे (लेवीय २५:२३).

मला सगळ्यांत विचार करायला लावणारा नियम फारसा कोणी सांगत नाही. कर्ज दिलंस तर गहाण वस्तू आणायला ऋणकोच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो स्वतः ती बाहेर आणील (अनुवाद २४:१०-११). सावकारानं उंबरठ्याबाहेर थांबायचं! पैसे त्याचे असले तरी घर त्याचं नाही. गरिबाच्या घरातली भांडीकुंडी, आजारी म्हातारं माणूस, रिकामी कणगी यांवर सावकाराची नजर फिरू नये, इतका विचार तिथे झालेला आहे. आणि गहाण पडलेलं पांघरूण असेल तर ते सूर्यास्ताआधी परत करायचं. ‘तो कशात निजेल?’ असा प्रश्न नियमातच विचारला आहे (निर्गम २२:२६-२७).

पण योबेल वर्ष प्रत्यक्ष कधी पाळलं गेलं का?

पाळलं गेल्याची स्पष्ट नोंद बायबलमध्ये नाही. जे आहे ते सातव्या वर्षी दास मोकळे करायचा नियम मोडल्याचं. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमेला वेढा घातला तेव्हा सिद्कीया राजाच्या काळात श्रीमंतांनी आपले इब्री दास मोकळे केले. वेढा जरा सैल पडताच त्यांना पुन्हा धरून आणलं (यिर्मया ३४). संकटात नवस आणि संकट टळलं की विसर, हा प्रकार जुनाच आहे.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायातला प्रसंग जास्त आशादायक आहे. दुष्काळात धान्यासाठी शेतं गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढावं लागलं, मुली दासी म्हणून गेल्या, आणि लेणेकरी परके नव्हते, भाऊबंदच होते. लोकांनी आणि त्यांच्या बायकांनी आरडाओरडा केला. बायकांचा वेगळा उल्लेख मजकुरातच आहे, तो वाचताना गाळू नका. नहेम्यानं सभा बोलावली, शेतं, द्राक्षमळे, घरं आणि व्याज परत करायला लावलं आणि याजकांसमोर शपथा घेतल्या. स्वतःही पैसे आणि धान्य उसनं देत होतो हे तो लपवत नाही (५:१०). अधिकारी असून बारा वर्षं त्यानं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही.

कर्जमाफी ही इस्राएलचीच कल्पना होती असंही नाही. बाबेलचे जुने राजेही तशी फर्मानं काढत, अम्मीसादुकाचं फर्मान आजही वाचायला मिळतं. फरक इतकाच की तिथे माफी राजाच्या मर्जीवर होती, इथे ती कॅलेंडरवर टाकली.

संदेष्टे नक्की कशावर चिडलेले असतात? मूर्तिपूजेवर ना?

त्यावरही. पण आमोस उघडा. तो तकोव्याचा मेंढपाळ, उंबराची फळं राखणारा, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. यराबाम दुसरा याच्या राज्यात भरभराट होती, देवळं गजबजलेली होती. आमोस म्हणतो, तुम्ही रुप्यासाठी नीतिमानाला आणि एका जोडाजोड्यासाठी गरजवंताला विकता (२:६). दोनच वचनांनंतर त्याची तक्रार अशी की लोक वेदीपाशी गहाणाच्या कपड्यांवर लोळतात (२:८). आता वरचा पांघरुणाचा नियम आठवा. जे सूर्यास्ताला गरिबाच्या अंगावर असायला हवं होतं, ते देवळात भक्ताखाली अंथरलेलं आहे. देवळात बसून देवाचाच नियम मोडला जातो आहे, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

आठव्या अध्यायातले व्यापारी शब्बाथ कधी संपतो याची वाट पाहतात. माप लहान करायचं, वजन मोठं करायचं, तराजूत खोट आणायची आणि गव्हाचं भुसकटसुद्धा विकायचं. यावर देव म्हणतो, तुमचे सण मला नकोत, तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या (५:२१-२४). मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चात हेच वचन उच्चारलं होतं.

बेथेलचा याजक अमस्या आमोसाला काय सांगतो तेही वाचा. इथून चालता हो, हे राजाचं पवित्रस्थान आहे (७:१३). देवाचं म्हणायचं सोडून राजाचं म्हणाला! बिचाऱ्यानं न कळत खरं सांगून टाकलं.

यिर्मयाचा रोख तर थेट राजावर आहे. यहोयाकीमानं गंधसरूची तावदानं लावून, शेंदरी रंग देऊन वाडा बांधला आणि मजुरांना फुकट राबवलं. त्याचा बाप योशीया दीनदुबळ्यांचा न्याय करत असे. ‘मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय?’ असं परमेश्वर विचारतो (यिर्मया २२:१३-१६). धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांत देवाला ओळखणं म्हणजे काय यावर पुष्कळ पानं सापडतील. इतकं कमी शब्दांतलं उत्तर मला अजून भेटलेलं नाही.

एखादा उतारा घेऊन दाखवाल का?

नाबोथाचा द्राक्षमळा घेऊ (१ राजे २१). इज्रेलात राजवाड्याला लागून नाबोथाचा मळा आहे. अहाब राजाला तिथे भाजीचा मळा करायचा आहे. तो दरही बरा देतो, हवं तर दुसरा चांगला मळा देतो. आजच्या भाषेत हा चोख व्यवहार झाला. पण नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. अहाब रुसून भिंतीकडे तोंड करून पडतो, जेवत नाही.

पुढे त्याची राणी ईजबेल काय करते ते सावकाश वाचा. ती मारेकरी पाठवत नाही. ती पत्रं लिहिते. राजाच्या नावानं, राजाची मोहर लावून, गावच्या वडीलजनांना आणि सरदारांना. उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला मानाच्या जागी बसवा, समोर दोन साक्षीदार आणा. दोनच का? कारण नियमशास्त्रात मृत्युदंडाला किमान दोन साक्षीदार लागतात. आरोप काय? देवाची आणि राजाची निंदा. शिक्षा कोणती? धोंडमार, नियमाप्रमाणे. सगळं कागदोपत्री नीट. धर्म, न्यायसभा, गावातली प्रतिष्ठित मंडळी, सगळे आपापलं काम करतात, आणि संध्याकाळपर्यंत मळा राजाचा होतो. वडीलजनांपैकी एकानंही ‘हे काय चाललंय?’ असं विचारल्याची नोंद नाही. नाबोथाच्या मुलांचंही रक्त सांडलं हे नंतर, जाता जाता कळतं (२ राजे ९:२६). म्हणजे वारसाचा प्रश्नही मिटवला होता.

एलीया संदेष्टा येतो तो अहाबाकडे. पत्रं ईजबेलीनं लिहिली होती, धोंडे गावकऱ्यांनी मारले होते, अहाबानं फक्त ताबा घेतला. तरी प्रश्न त्यालाच: ‘खून करून वर ताबाही घेतलास?’ अन्यायाचा फायदा ज्याच्या पदरात पडतो त्याला ‘मला काही माहीत नव्हतं’ ही पळवाट एलीया ठेवत नाही.

या गोष्टीवरून बहुतेक प्रवचनं ‘दुष्ट बायको’ या विषयावर होतात. ईजबेल दुष्ट आहेच. पण मग मोहर, साक्षीदार आणि वडीलजन हे सगळं आपल्या नजरेतून सुटतं.

येशू तर म्हणाला, माझं राज्य या जगाचं नाही. मग त्याला यात कशाला ओढता?

ते वाक्य तो रोमी सुभेदारासमोर, अटकेत असताना बोलतो (योहान १८:३६). त्याचं राज्य पिलातासारख्यांच्या मार्गानं, तलवारीनं येत नाही, असा त्याचा रोख आहे. राज्याचा या जगाशी संबंधच नसता तर ‘तुझं राज्य येवो’च्या पाठोपाठ रोजची भाकर आली नसती.

लूक चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी उघडतो: गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी. त्यात ‘ठेचलेल्यांना मोकळं करणं’ ही ओळ यशया ५८ मधली आहे, बाकीचं ६१ मधलं. ५८ वा अध्याय खोट्या उपासाबद्दल आहे: उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता. आणि वाचन थांबतं ते ‘सूड घेण्याचा दिवस’ या शब्दांच्या आधी. लोक आधी खूश होतात. मग येशू आठवण करून देतो की दुष्काळात एलीयाला परक्या मुलखातल्या विधवेकडे पाठवलं होतं आणि कुष्ठातून बरा झाला तो अरामी नामान. त्यासरशी तीच मंडळी त्याला कड्यावरून ढकलायला निघतात. न्याय आपल्यासाठी मागताना सगळे टाळ्या वाजवतात.

विधवेची दोन नाणी हा दानशूरपणाचा धडा आहे ना?

मार्कच्या बाराव्या अध्यायात दोन वचनं मागे जा. येशू शास्त्र्यांबद्दल बोलतो: लांब झगे घालून मिरवतात, लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळंकृत करतात (१२:४०). लगेच पुढच्या चित्रात एक विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका दानपेटीत टाकते. तिच्याजवळ दोनच नाणी का उरली, याचं उत्तर आधीच्या वाक्यात असू शकतं. त्यानंतर शिष्य मंदिराच्या दगडांचं कौतुक करतो आणि येशू म्हणतो, दगडावर दगड राहणार नाही (१३:२). इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्यानं ते मंदिर पाडलं.

तिच्या भक्तीचा मान येशू राखतो, यात शंका नाही. पण ‘तुम्हीही असंच करा’ असं तो म्हणत नाही. हा उतारा घेऊन गरीब विधवांकडे दानाची पेटी फिरवणाऱ्यांनी चाळिसावं वचन मोठ्यानं वाचून मग पेटी फिरवावी.

‘गरीब तुमच्याजवळ नेहमीच असतील’, असं येशूच म्हणाला ना? मग गरिबी हटणार नाहीच.

तो अनुवाद १५:११ मधलं अर्धं वाक्य बोलतो आणि त्याच्या श्रोत्यांना पुढचं अर्धं तोंडपाठ होतं: ‘म्हणून आपल्या देशातल्या गरजू भावासाठी हात सैल सोड.’ त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात तर तुमच्यात कोणी दरिद्री असूच नये असं म्हटलं आहे. कर्जमाफीच्या अध्यायातली ओळ कर्जमाफीच्या विरुद्ध वापरणं याला काय म्हणावं!

आणि ‘जो काम करत नाही त्यानं खाऊही नये’?

मूळ वाक्य काम ‘करायची इच्छा नसलेल्यां’बद्दल आहे आणि ते मंडळीतल्या रिकामटेकड्या, लुडबुड्या लोकांना उद्देशून आहे (२ थेस्सलनी. ३:१०-११). काम न मिळालेल्यांना किंवा काम करून मजुरी न मिळालेल्यांना ते लावता येत नाही. मजुरी न मिळालेल्यांबद्दल याकोबाचं पत्र बोलतं, आणि ते श्रीमंतांनाच ऐकवतं (याकोब ५:४).

पहिल्या मंडळीत तरी सगळं आलबेल होतं का?

नाही. सगळ्यांचं सामाईक असल्याचं वर्णन आहे (प्रेषितांची कृत्ये २ आणि ४), आणि दोनच अध्यायांनी ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर सुरू होते (६:१). उपाय म्हणून सात जण नेमले, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपवलेलं दिसतं. करिंथात तर प्रभुभोजनातच एक उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. ‘ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता’, असं पौल फटकारतो (१ करिंथ. ११:२२).

बायबलनं गुलामगिरी मान्य केली आहे. हे तुम्ही कसं झाकता?

झाकू नये. लेवीय २५:४४-४६ परदेशी दासांना कायमचं मालमत्ता म्हणून ठेवू देतं, आणि तेही योबेलाच्याच अध्यायात. निर्गम २१:२०-२१ वाचताना अंगावर काटा येतो. पौलाच्या नावावरच्या पत्रांत ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ आहे. या वचनांना गोड करून सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

त्याच ग्रंथात पळून आलेल्या दासाला धन्याकडे परत देऊ नको, तो म्हणेल तिथे त्याला राहू दे, असंही आहे (अनुवाद २३:१५-१६). हम्मुराबीच्या कायद्यात पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता, हे शेजारी ठेवून पाहिलं की त्या वचनाचं धाडस कळतं. अनेसिम या दासाला परत पाठवताना पौल त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, लिहितो की त्याला आता दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घे. इथे न्यायाच्या नजरेनं वाचणाऱ्यांतही मतभेद आहेत. काहींना हे पत्र गुलामगिरीच्या मुळावर घाव वाटतं, काहींना पौलानं पाठवायलाच नको होतं असं वाटतं. मी दुसऱ्या बाजूला झुकतो.

खुद्द गुलामांच्या मालकांना मात्र बायबल कुठे धोक्याचं आहे ते बरोबर कळलं होतं. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक निवडक बायबल छापलं गेलं. जुन्या कराराचा बहुतांश भाग आणि नव्या कराराचा जवळपास अर्धा भाग त्यातून गायब होता. इस्राएलची मिसरातून सुटका काढून टाकलेली, ‘दास नाही, स्वतंत्र नाही’ हे गलतीकरांमधलं वचन गाळलेलं, आज्ञा पाळणाऱ्या योसेफाची गोष्ट मात्र ठेवलेली. बायबल निरुपद्रवी असतं तर कात्री लावायची गरज पडली नसती. तिकडे अमेरिकेतल्या गुलामांनी तीच काढून टाकलेली गोष्ट गाण्यांत जपली, आणि स्वतः गुलामगिरीतून निसटून इतरांना सोडवायला पुन्हापुन्हा परत जाणाऱ्या हॅरिएट टबमनला ‘मोशे’ म्हटलं.

‘हामाचा शाप’ म्हणून काळ्या लोकांची गुलामी समर्थनीय ठरवली गेली तेही याच काळात. उत्पत्ती ९:२५ उघडून पाहिलं तरी पुरे. शाप हामाला नाही, त्याच्या मुलाला, कनानाला आहे. आणि शाप देणारा देव नाही, दारूच्या गुंगीतून जागा झालेला नोहा आहे.

मिसरातून सुटलेल्यांनीच कनानी लोकांची कत्तल केली. हा कसला न्याय?

हा या वाचनाला विचारला गेलेला सगळ्यांत कठीण प्रश्न आहे. ओसेज या मूळ अमेरिकन जमातीतले अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९ मध्ये तो थेट मांडला: निर्गमाची गोष्ट मुक्तीची म्हणून सांगता, पण आम्ही ती वाचतो तेव्हा आम्ही स्वतःला कनान्यांमध्ये पाहतो. अमेरिकेत आलेल्या वसाहतवाद्यांनी स्वतःला ‘नवे इस्राएली’ मानलं होतं, त्यामुळे हा मुद्दा नुसता तात्त्विक नाही.

उत्खननांवरून बहुतेक अभ्यासकांचं मत असं की यहोशवाच्या पुस्तकातली झंझावाती मोहीम तशी घडलेली नाही. शास्ते १ मध्येही कनानी लोक तिथेच राहत असल्याचं लिहिलं आहे. पण इतिहास तसा नसला म्हणून मजकुराचा उपद्रव संपत नाही, कारण लोक मजकूर वाचून तलवार उपसतात. हे अध्याय वाचायचे, पण यरीहो या कनानी शहराच्या तटाच्या आतून वाचायचे. ‘परक्याला छळू नका, मिसरात तुम्हीही परके होता’ ही बायबलचीच कसोटी त्यांना लावायची. या कसोटीवर ते उतरत नाहीत, आणि तसं म्हणायला घाबरू नये.

स्त्रियांच्या बाजूनं बायबल वाचता येतं का?

येतं, आणि सुरुवातीलाच सुईणी भेटतात. मुलगे मारा, या फारोच्या हुकुमाला शिप्रा आणि पुवा बगल देतात आणि वर तोंड करून सांगतात की इब्री बायका दणकट आहेत, आम्ही पोहोचायच्या आतच त्या बाळंत होतात (निर्गम १:१९). फारोचं नाव काय, ते पुस्तक सांगत नाही. सुईणींची नावं मात्र दिली आहेत.

सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभं राहून बापाचं वतन मागतात, आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे (गणना २७). पण पुस्तकाच्या शेवटी, ३६ व्या अध्यायात, जमातीचे पुरुष येऊन लग्न जमातीतच करायची अट घालून घेतात. हक्क दिला आणि त्याला दोरी बांधली. दोन्ही अध्याय एकत्र वाचले पाहिजेत.

हागार, परदेशी दासी, देवाला स्वतःहून नाव देणारी बायबलमधली पहिली व्यक्ती आहे (उत्पत्ती १६:१३). आणि शास्ते १९ मधली ती अनामिक स्त्री, जिला रात्रभर छळलं गेलं आणि जी पहाटे उंबरठ्यावर हात ठेवून पडली होती, तिच्या तोंडी सबंध अध्यायात एक शब्द नाही. गटात हा अध्याय घ्यायचा असेल तर आधी सांगून घ्या. ऐकणाऱ्यांत कोणावर काय बेतलंय, आपल्याला माहीत नसतं.

मुक्तीचं धर्मशास्त्र म्हणजे मार्क्सवादच ना?

मार्क्सच्या अडीच हजार वर्षं आधी आमोस होऊन गेला. पण प्रश्न गंभीर आहे, तेव्हा थोडा इतिहास. १९६८ मध्ये कोलंबियातल्या मेदेयीन इथे लॅटिन अमेरिकेतले कॅथलिक बिशप जमले आणि त्यांनी तिथल्या दारिद्र्याला अन्यायाची फळं म्हटलं. १९७१ मध्ये पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी याची ‘मुक्तीचं धर्मशास्त्र’ म्हणून सविस्तर मांडणी केली. समाजाचं विश्लेषण करताना काहींनी मार्क्सची हत्यारं वापरली, त्यावर व्हॅटिकननं १९८४ मध्ये कडक टीका केली आणि १९८६ च्या दुसऱ्या निवेदनात सूर बराच मवाळ केला. सान साल्व्हादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करताना गोळी घालून हत्या झाली. २०१८ मध्ये त्याच व्हॅटिकननं त्यांना संत घोषित केलं.

हा प्रवाह तिथेच थांबला नाही. अमेरिकेत जेम्स कोन यांनी कृष्णवर्णीयांच्या अनुभवातून, भारतात १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी दलितांच्या अनुभवातून मांडणी केली. आणि बऱ्याच आधी, १५१४ मध्ये, क्युबातले धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास पेंटेकॉस्टचं प्रवचन तयार करताना कॅथलिक बायबलमधल्या सिराखच्या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात अडले: गरिबाची भाकर हिरावणारा खुनी आहे. त्यांच्या स्वतःच्या ताब्यात तेव्हा वेठीला धरलेले मूळ रहिवासी होते. त्यांनी ते सोडले आणि उरलेलं आयुष्य त्यांच्या बाजूनं भांडण्यात घालवलं. त्याच लास कासास यांनी काही काळ आफ्रिकन गुलाम आणायची सूचना केली होती, ज्याचा नंतर त्यांना पश्चात्ताप झाला. एका वंचिताच्या बाजूनं वाचताना दुसरा दिसेनासा होऊ शकतो, हे लक्षात असू द्यावं.

‘सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा’, असं पौल रोमकरांना लिहितो (रोम. १३). आता बोला!

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी सरकारचे पाठीराखे हेच बोलत. १९८५ मध्ये तिथल्या धर्मशास्त्र्यांनी आणि पाळकांनी ‘कैरोस’ निवेदन काढून त्याला उत्तर दिलं: पौल प्रत्येक सत्तेला कोरा चेक देत नाही, आणि त्याच बायबलमध्ये प्रकटीकरण १३ आहे, जिथे सत्ता श्वापदाच्या रूपात येते. ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे’ हे पेत्राचं उत्तरही सत्ताधाऱ्यांनाच आहे (प्रे. कृत्ये ५:२९). शिवाय वर भेटलेल्या सुईणी.

मी खाऊनपिऊन सुखी आहे. मी हे वाचून काय करू?

आधी आपण गोष्टीत नक्की कुठे उभे आहोत ते ठरवा. आपण सगळेच स्वतःला आपोआप लाजराच्या जागी ठेवतो. दारात पडलेला लाजर आणि आत जेवणारा श्रीमंत (लूक १६) यांतला श्रीमंत काही क्रूर वागत नाही. तो फक्त रोज त्या दारातून जा-ये करतो. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बसील श्रोत्यांना ऐकवत की तुझ्या पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्याचा आहे. जकातदार जक्कय तर आकड्यांतच बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट (लूक १९:८). दान वेगळं आणि परतफेड वेगळी, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

माझा देवावर विश्वास नाही. मला यात काही आहे का?

आहे. आमोस वाचायला श्रद्धेची अट नाही.

मग प्रार्थना, तारण, पापक्षमा यांचं काय? हे सगळं बाजूला?

नाही. ज्या चर्चमध्ये फक्त मोर्चे उरतात तिथे माणसं थकतात, आणि ज्या चर्चमध्ये फक्त प्रार्थना उरते तिथे यशयाचा ५८ वा अध्याय लागू होतो. १९७४ च्या लोझान करारात सुवार्तिक पंथीयांनीही सुवार्ताप्रसार आणि सामाजिक-राजकीय सहभाग ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्यं आहेत असं मान्य केलं. हा वाद खरं तर तेव्हाच संपायला हवा होता.

गटात वाचायला सुरुवात कुठून करावी?

निर्गमापासून नको, ते सगळ्यांना माहीत असतं म्हणून कोणी नीट वाचत नाही. नहेम्या ५ घ्या. एक अध्याय, एक भांडण, एक निर्णय. मग १ राजे २१, मग आमोस सलग, एका बैठकीत मोठ्यानं. त्यानंतर याकोबाचं पत्र. लूक त्यानंतर. यरीहो आणि शास्ते १९ गट मुरल्यावर.

गट मिश्र असेल तर उत्तम: मजुरी करणारे, मजुरी देणारे, कर्ज फेडणारे. द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट (मत्तय २०) अशा गटात वाचून पाहा. नोकरी पक्की असलेल्यांना उशिरा आलेल्यांना पूर्ण दीनार मिळणं खटकतं. कामाच्या शोधात नाक्यावर उभं राहिलेल्याला मात्र सहावं-सातवं वचन आधी दिसतं: ‘दिवसभर रिकामे का उभे?’ ‘आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही.’ पहिल्या बैठकीत जाणकारांनी शेवटी बोलायचं, एवढा एक नियम करा. पाळक असतील तर त्यांनी अगदी शेवटी.